थोरल्या टॉवरने केव्हा गप्प बसावे?

मोबाइलचे नेटवर्क कमी पडू लागले की टॉवरची शक्ती वाढवावी अशी मागणी होते, आणि ती इतकी रास्त वाटते की तिच्यामागचे गृहीतक तपासावे असे फारसे कोणाला सुचत नाही. टॉवरची प्रक्षेपणशक्ती, म्हणजे त्याच्या अँटेनातून दर सेकंदाला बाहेर पडणारी रेडिओऊर्जा, दुप्पट केली तर फोनपर्यंत पोहोचणारा संदेशही दुप्पट जोरकस होतो हे खरे. परंतु तो संदेश फोनला कळतो की नाही, हे त्याच्या जोरावर ठरत नसून, तो संदेश आणि त्याच वेळी त्याच लहरींवर येणारे परके संदेश यांच्या गुणोत्तरावर ठरते. या गुणोत्तराला अभियंते ‘एसआयएनआर’ म्हणतात. त्याच्या अंशस्थानी हवा असलेला संदेश असतो, तर छेदस्थानी शेजारच्या टॉवरांचा व्यत्यय आणि उपकरणांतील उष्णतेमुळे उपजणारा नैसर्गिक गोंगाट यांची बेरीज असते. दाट शहरी वस्तीत छेदातील व्यत्ययाचा वाटा इतका मोठा असतो की गोंगाट त्यापुढे जमेस धरण्याजोगा उरत नाही. अशा ठिकाणी सगळ्या टॉवरांनी एकदम शक्ती दुप्पट केली, तर अंश आणि छेद दोन्ही दुप्पट होऊन गुणोत्तर जागच्या जागी राहते. एकाच गल्लीच्या दोन टोकांना गणेशोत्सवाचे दोन मांडव असावेत आणि दोन्ही मंडळांनी ईर्षेने कर्ण्यांचा आवाज वाढवत न्यावा, तसा हा प्रकार आहे: विजेचे बिल वाढते आणि गल्लीच्या मध्यावर राहणाऱ्याला एकही गाणे धड ऐकू येत नाही.

या गुणोत्तरातून किती माहिती धाडता येईल याची कमाल मर्यादा बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिली. तिच्या सूत्रानुसार लहरींच्या पट्ट्याची रुंदी वाढवली तर वेग त्याच प्रमाणात वाढतो, मात्र गुणोत्तर वाढवले तर वेग केवळ लॉगरिदमच्या मंद चालीने वाढतो. गुणोत्तर ३ असताना दर हर्ट्झमागे सेकंदाला २ बिट जाऊ शकतात. ३ बिटांसाठी ते ७ आणि ४ बिटांसाठी १५ व्हावे लागते. शक्तीच्या मार्गाने वेग विकत घेणे असे उत्तरोत्तर महाग होत जात असल्याने, आहे तोच पट्टा थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा वापरणे हाच किफायतीचा मार्ग उरतो. ‘सेल’ या कल्पनेचा उगम तोच आहे. बेल प्रयोगशाळेतीलच डी. एच. रिंग यांनी डिसेंबर १९४७ च्या एका अंतर्गत टिपणात शहराचे षटकोनी तुकडे पाडून प्रत्येकात कमी शक्तीचे केंद्र ठेवण्याची योजना मांडली होती. प्रत्यक्ष व्यापारी सेवा मात्र टोकियोत १९७९ मध्ये आणि शिकागोत ऑक्टोबर १९८३ मध्ये सुरू झाली. या पहिल्या पिढीत शेजारच्या सेलना एकच वाहिनी देत नसत. त्यामुळे व्यत्यय टळत असे, पण सात सेलचा गट केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला पट्ट्याचा सातवा हिस्साच येई. ही उधळपट्टी परवडेनाशी झाली, सगळ्या सेलनी सगळा पट्टा वापरायचे ठरले, आणि अंतराने होणारे संरक्षण संपून तिथून पुढे शक्तीचे नियमन हीच मुख्य विद्या बनली.

महाराष्ट्रातील वाचकांना या विद्येचा पहिला मोठा प्रयोग वेगळ्या कारणासाठी आठवत असेल. नवी मुंबईत कोपरखैरण्याला मुख्यालय असलेल्या रिलायन्स इन्फोकॉमने २८ डिसेंबर २००२ रोजी ‘सीडीएमए’ तंत्रावरील सेवेचा आरंभ केला आणि पुढच्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत फोन देऊ केल्यावर तो घराघरांत पोहोचला. या तंत्रात सगळे फोन एकाच पट्ट्यावर एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येकाला दिलेल्या स्वतंत्र सांकेतिक क्रमावरून टॉवर त्यांना वेगळे ओळखतो. अडचण अशी की शहरात संदेशाचा जोर अंतराच्या साधारण चौथ्या घाताने घटतो असे धरले, तर १०० मीटरवरचा फोन १ किलोमीटरवरच्या फोनपेक्षा टॉवरला १०,००० पट जोराने ऐकू येतो आणि दूरचा फोन त्याखाली पार बुडून जातो. हा जवळ-दूरचा पेच सोडवण्यासाठी टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा ‘वाढव’ किंवा ‘कमी कर’ असा एका बिटाचा हुकूम देत असे आणि फोन प्रत्येक हुकमागणिक आपली शक्ती १ डेसिबेलने, म्हणजे सुमारे एक चतुर्थांशाने, वरखाली करी. सगळे फोन टॉवरला सारख्याच जोराने ऐकू यावेत, इतकेच त्यामागचे उद्दिष्ट होते.

एका टॉवरपाशी हे जमते, कारण हुकूम देणारा एकच असतो. शेकडो टॉवर असताना कोणी किती शक्ती वापरावी, हे मध्यवर्ती हिशेबाशिवाय ठरवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर १९९३ मध्ये जेरार्ड फोशिनी आणि झोरान मिल्यानिच यांनी दिले, आणि ते इतके सोपे आहे की प्रथमदर्शनी त्यावर विश्वास बसत नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःचे गुणोत्तर मोजावे, हव्या असलेल्या गुणोत्तराला मोजलेल्या गुणोत्तराने भागावे आणि आलेल्या संख्येने आपली आताची शक्ती गुणावी. इतरांचे काय चालले आहे याची चौकशी करण्याचे कारण नाही. सर्वांच्या अपेक्षा एकत्र पूर्ण होणे मुळात शक्य असेल, तर ही कृती वारंवार केल्याने सगळे जण आपोआप त्या स्थितीला पोहोचतात, आणि तीही अशी की त्याहून कमी शक्तीत ते साधलेच नसते.

‘शक्य असेल तर’ ही अट मात्र वरवरची नाही. समजा, दोन जोडण्या आहेत आणि प्रत्येकीची २० टक्के शक्ती दुसरीच्या कानावर पडते. दोघींनाही गुणोत्तर ४ हवे असेल, तर आकडेमोडीने प्रत्येकीला नैसर्गिक गोंगाटाच्या २० पट शक्ती लागते. अपेक्षा ४ वरून साडेचारवर नेली, म्हणजे फक्त साडेबारा टक्क्यांनी वाढवली, तर लागणारी शक्ती २० पटींवरून ४५ पटींवर जाते; आणि दोघींनी ५ मागितले, तर कितीही शक्ती ओतली तरी ते मिळत नाही, कारण एकीने वाढवले की दुसरीला तेवढेच वाढवावे लागते आणि या स्पर्धेला अंत नसतो. गर्दीच्या वेळी नेटवर्क हळूहळू मंदावण्याऐवजी एका क्षणी अचानक कोसळल्यासारखे वाटते, त्यामागे ही उभी चढण हे एक कारण आहे. अशा वेळी शहाणपण कोणाची तरी अपेक्षा कमी करण्यात असते, किंवा कोणाला तरी थांबवण्यात. आणि नेमके कोणाला, हे गणित सांगत नाही.

चौथ्या पिढीच्या ‘एलटीई’ने फोनच्या बाजूने या तडजोडीला नियमाचे रूप दिले. त्यात फोनची कमाल शक्ती साधारण २०० मिलिवॅट असते आणि किमान शक्ती तिच्या सुमारे २० लाखाव्या हिश्श्यापर्यंत खाली जाऊ शकते. टॉवरपासून दूर गेल्यावर संदेशाची जितकी हानी होते तितकी सगळी फोनने भरून काढावी असे मात्र हा नियम म्हणत नाही, कंपनी ०.८ असा गुणांक ठरवू शकते, आणि तसे केल्यास २० डेसिबेलची वाढीव हानी फोन फक्त १६ डेसिबेलनेच भरून काढतो. सेलच्या हद्दीवरील ग्राहकाला त्यामुळे जाणूनबुजून थोडा कमी वेग मिळतो, कारण तो शेजारच्या टॉवरच्या सर्वांत जवळ असतो आणि त्याने जोर केला तर शेजारच्या सेलमधील अनेकांचे नुकसान होते. हद्दीवर राहणाऱ्याने इतरांसाठी सोसायचे, असा हा न्याय आहे. आपल्या जाहिरातीत तो कोणतीही कंपनी सांगत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनात सगळे टॉवर सारखे मानले होते. प्रत्यक्षात गच्चीवरील मोठ्या टॉवरच्या प्रत्येक पट्ट्यामागे २० ते ४० वॅट शक्ती असते, तर बाजारपेठेतील दिव्याच्या खांबावर किंवा मॉलच्या छतात बसवलेल्या स्मॉल सेलची शक्ती पाव ते एक वॅट इतकीच असते. मोठ्या सेलच्या छत्राखाली असे छोटे सेल पेरणे म्हणजे मिश्र सेलचे नेटवर्क, आणि त्यातील पेच साध्या हिशेबाने उलगडतो. टॉवर ४० वॅटचा आहे, त्यापासून ५०० मीटरवर १ वॅटचा छोटा सेल आहे, आणि दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर, छोट्या सेलपासून १५० मीटर आणि टॉवरपासून ३५० मीटर अंतरावर एक फोन आहे, असे समजू. अँटेनांतील फरक बाजूला ठेवू. चौथ्या घाताच्या नियमाने टॉवरकडील वाटेत सुमारे ३० पट अधिक हानी होते. तरीही टॉवर ४० पट बलवान असल्यामुळे फोनला तोच सुमारे एक तृतीयांशाने अधिक जोराने ऐकू येतो, आणि सर्वांत जोरकस संदेश निवडण्याच्या रूढ नियमाने फोन टॉवरशीच जोडला जातो. उलट दिशेने मात्र फोनच्या शक्तीला दोन्ही वाटा सारख्याच खुल्या असल्याने, टॉवरशी बोलताना त्याला छोट्या सेलच्या तुलनेत ३० पट जोर लावावा लागतो. बॅटरी त्याची संपते, आणि त्याच्या मोठ्या आवाजाचा त्रास १५० मीटरवरच्या छोट्या सेलला होतो. या नियमाने छोट्या सेलचा पल्ला त्या रेषेवर जेमतेम १४२ मीटरांत संपतो. कंपनीने खर्च करून बसवलेले उपकरण निम्मे रिकामे राहते आणि शेजारचा टॉवर गर्दीने गुदमरतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे निवडीत केलेला पक्षपात. छोट्या सेलचे माप मोजताना त्यात ठरावीक वाढ धरावी, असे नेटवर्क फोनला सांगते. ही वाढ ९ डेसिबेलची, म्हणजे ८ पटींची असेल, तर वरील उदाहरणात पल्ला १४२ वरून २०० मीटरवर जातो, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते. छोट्या सेलची शक्ती कणभरही न वाढवता त्याचा विस्तार होतो. पण या वाढीव पट्ट्यात ओढून आणलेल्या फोनची अवस्था चमत्कारिक असते: तो ज्याच्याशी जोडला गेला आहे त्याचा संदेश, ज्याला सोडले त्याच्या संदेशाच्या एक अष्टमांश असू शकतो. शॅननच्या सूत्राने त्याला दर हर्ट्झमागे ०.१७ बिट मिळतात आणि डेटा बाजूलाच राहो, ‘हा डेटा तुझ्यासाठी आहे’ हे सांगणारा नियंत्रण-संदेशही त्याला वाचता येत नाही.

म्हणून दुसरा उपाय, आणि या साऱ्या विषयातील सर्वांत देखणी कल्पना हीच. जगभरची मोबाइल-मानके ठरवणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ या संघटनेने एलटीईच्या दहाव्या आवृत्तीत अशी सोय केली की मोठ्या टॉवरने आपल्या वेळेचे काही तुकडे सोडून द्यावेत. एलटीईत वेळ एक-एक मिलिसेकंदाच्या तुकड्यांत वाटलेला असतो. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ४० तुकड्यांचा नमुना ठरवून, त्यांपैकी कोणत्या तुकड्यांत आपण डेटा पाठवणार नाही, हे टॉवर शेजारच्या छोट्या सेलला आधीच कळवतो. छोटा सेल आपल्या हद्दीवरील फोनना नेमके तेच तुकडे देतो. टॉवर गप्प झाल्यावर त्या फोनचे गुणोत्तर एक अष्टमांशावरून समजा १० वर गेले, तर दर हर्ट्झमागील बिट ०.१७ वरून सुमारे साडेतीनवर जातात, म्हणजे त्या मिलिसेकंदापुरता वेग २० पट होतो. दहापैकी दोनच तुकडे मिळाले तरी असा फोन फायद्यात राहतो, आणि मोठ्या टॉवरचा तोटा त्या दोन तुकड्यांपुरताच असतो. तोही पूर्ण तोटा नव्हे, कारण त्याची काही गर्दी छोट्या सेलने उचललेली असते.

हे मौन पूर्ण मात्र नसते, आणि मानकातही या तुकड्यांना ‘जवळजवळ रिकामे’ असेच म्हटले आहे. टॉवर हजर असल्याची खूण पटवणारे संदर्भ-संदेश, वेळ जुळवणारे संदेश आणि सेलची प्राथमिक माहिती त्याला पाठवावीच लागते. तीही थांबवली, तर या नव्या योजनेची गंधवार्ता नसलेले जुने फोन टॉवरच नाहीसा झाला असे समजतील. या उरलेल्या कुजबुजीनेही हद्दीवरील फोनला त्रास होतो हे लक्षात आल्यावर अकराव्या आवृत्तीत नेटवर्कने ती कुजबुज कशी असेल हे फोनला आधीच सांगण्याची तरतूद झाली, म्हणजे फोनला ती ओळखून वजा करता येते. किती तुकडे रिकामे ठेवावेत हे मात्र मानक सांगत नाही. ते टॉवरांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे एवढेच ठरवते; निर्णयाची युक्ती प्रत्येक उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि शहराच्या एका भागात एका उत्पादकाची व शेजारच्या भागात दुसऱ्याची यंत्रणा असेल तर त्या सीमेवरचा सहकार कागदावर दिसतो तितका सुरळीत चालेलच असे नाही.

घरात बसवायच्या अतिलघू सेलची, म्हणजे फेम्टोसेलची, कथा याहून अवघड झाली. असा सेल फक्त घरच्यांनाच जोडून घेतो. त्यामुळे दाराबाहेर उभ्या असलेल्या पाहुण्याच्या फोनला तो सर्वांत जोरात ऐकू येतो पण आत घेत नाही, आणि दूरच्या टॉवरचा संदेश त्याखाली दबतो. अशा सेलने आधी आसपासच्या टॉवरचा कानोसा घेऊन स्वतःची शक्ती ठरवावी, अशी व्यवस्था करण्यात आली. डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२० मध्ये एअरटेल आणि जिओ यांनी वायफायवरून कॉल करण्याची सोय दिल्यावर भारतात घराघरांत फेम्टोसेल नेण्याचे मोठे प्रयोजनच उरले नाही.

जे उपकरण घराघरांत, दुकानांत आणि लॉजच्या गच्च्यांवर खरोखर पोहोचले, ते बूस्टर; आणि अनुमतीवाचून ते बसवणे बेकायदा आहे. त्याची रचना अगदी साधी असते: गच्चीवरच्या नळीला बांधलेला, आडव्या काड्यांचा यागी अँटेना, खिडकीतून आत आलेली काळी केबल, भिंतीवर डब्याएवढे विवर्धक यंत्र आणि छताला चिकटवलेला छोटा अँटेना. घरमालकाला फोनवरच्या कांड्या भरलेल्या दिसतात, आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. पण हे यंत्र टॉवरकडून येणाऱ्या संदेशाबरोबर टॉवरकडे जाणारा संदेशही वाढवते, आणि घरात कोणी बोलत नसतानाही स्वतःचा गोंगाट लाखो पटींनी वाढवून अहोरात्र टॉवरकडे धाडत राहते. बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांना ‘दिसू’ लागले, तर यंत्र स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाढवत कमाल शक्तीवर जाऊन बसते. टॉवरच्या कानाशी गोंगाट वाढल्याने तो त्या सेलमधील सगळ्या फोनना जोर वाढवायला सांगतो. जवळचे फोन तो वाढवतात, दूरचे २०० मिलिवॅटच्या छताला जाऊन टेकतात आणि त्यांचे कॉल तुटतात. ज्यांचे कॉल तुटतात त्यांना कारण कधीच कळत नाही, आणि त्यांच्यापैकी एखादा नाइलाजाने आपल्या गच्चीवर दुसरा बूस्टर बसवतो.

मुंबईसारख्या शहरात या सगळ्याला उंचीचे परिमाण मिळते. शक्तीइतकेच परिणामकारक पण कमी परिचित असे आणखी एक साधन अभियंत्यांच्या हाती असते, ते म्हणजे अँटेनाचा खालच्या बाजूचा कल, ज्याला या व्यवसायात सगळे ‘टिल्ट’ म्हणतात. ३० मीटर उंचीवरील अँटेना ३ अंश कलवला तर त्याच्या झोताचा मध्य सुमारे ५७० मीटरवर जमिनीला टेकतो, ६ अंशांना २८५ मीटरवर आणि १० अंशांना १७० मीटरवर. म्हणजे काही अंशांच्या फरकाने सेलची हद्द आखता येते आणि शेजाऱ्याकडे जाणारा व्यत्यय रोखता येतो. हा हिशेब जमिनीवर चालणाऱ्या माणसासाठी आहे. परळ किंवा वरळीच्या चाळिसाव्या मजल्यावरचा फोन सगळ्या झोतांच्या वर असतो आणि मधे अडथळा नसल्याने त्याला दूरदूरचे अनेक टॉवर जवळपास सारख्याच जोराने ऐकू येतात. कांड्या भरलेल्या, पण वेग नाही आणि कॉल तुटतो, ही वरच्या मजल्यांवरची तक्रार शक्तीच्या अभावाची नसून तिच्या गर्दीची आहे. तिच्यावर इमारतीच्या आतच कमी शक्तीचे अँटेना पसरवणे हा उपाय आहे.

त्यासाठी सोसायटीची परवानगी लागते, आणि तिथे चर्चा किरणोत्सर्गाच्या भीतीपाशी येऊन थांबते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट इतकी ठरली. २० वॅटच्या आणि झोताच्या दिशेने ५० पट एकवटणाऱ्या अँटेनासमोर थेट ५० मीटरवर हिशेबाने सुमारे ०.०३ वॅट येतात, म्हणजे त्या कठोर मर्यादेच्याही चौदाव्या हिश्श्याच्या आसपास. या आकड्यांनी भीती जाते असे नाही. परंतु टॉवर हटवण्याच्या आंदोलनांत एक गोष्ट क्वचितच मांडली जाते: टॉवर दूर गेला की कानाला लावलेला फोन त्या अंतराचा वचपा स्वतःच्या शक्तीने काढतो, आणि टॉवरपेक्षा फोन शरीराच्या कितीतरी जवळ असतो. ज्या इमारतीच्या गच्चीवरून अँटेना उतरवला जातो, त्याच इमारतीतील फोनची उत्सर्जनशक्ती त्यामुळे कित्येक पटींनी वाढू शकते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात सुरू झालेल्या पाचव्या पिढीने या प्रश्नाचे स्वरूप पुन्हा बदलले. तिच्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवर ३२ किंवा ६४ प्रेषक साखळ्यांच्या साहाय्याने झोत बारीक करून ग्राहकाकडे वळवतो, त्यामुळे शेजाऱ्याला होणारा व्यत्यय सतत न राहता झोत अंगावरून जाण्यापुरता राहतो. तो सरासरीने कमी पण अंदाज बांधायला कठीण असतो. याच पट्ट्यात टॉवर आणि फोन एकाच लहरींवर आळीपाळीने बोलतात. एक टॉवर बोलत असताना शेजारचा ऐकत असेल, तर शेकडो वॅटच्या प्रेषकापुढे २०० मिलिवॅटच्या फोनचे काही चालत नाही. म्हणून सगळ्या टॉवरांची घड्याळे सेकंदाच्या ३ दशलक्षांशांच्या आत जुळलेली असावी लागतात, आणि त्यासाठी प्रामुख्याने उपग्रहांकडून येणारी वेळ वापरली जाते.

घड्याळे अचूक जुळली तरी प्रकाशाचा वेग आड येतो. दूरच्या टॉवरचा संदेश वाटेत वेळ खातो, आणि टॉवरने बोलणे थांबवून ऐकू लागण्यापूर्वी ठेवलेल्या मोकळ्या अवकाशापेक्षा तो उशीर मोठा असेल, तर तो ऐकण्याच्या वेळेत येऊन पडतो. एरवी इतक्या अंतरावरून काही ऐकू येत नाही. परंतु उन्हाळ्यात तापलेल्या कोरड्या हवेचा थर समुद्रावरच्या दमट हवेवर पसरला की रेडिओलहरी त्या दोहोंच्या मधल्या पट्टीत अडकून पृथ्वीच्या वळणाबरोबर दूरवर वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या, दीड मीटर तरंगलांबीच्या एका रडारवर उन्हाळ्यात थेट अरबस्तानातील भूभागाचे, दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावरचे प्रतिध्वनी उमटल्याची नोंद आहे. आजच्या नेटवर्कमध्ये याच हवामानाने शेकडो किलोमीटरवरचे टॉवर एकमेकांच्या कानात बोलू लागतात. थ्रीजीपीपीच्या सोळाव्या आवृत्तीत त्यावर केलेली योजना अशी: त्रास होणाऱ्या टॉवरने एक ठरावीक खुणेचा संदेश हवेत सोडायचा, हवेची वाट दोन्ही बाजूंनी सारखीच असल्याने त्रास देणाऱ्याला तो ऐकू येतो, आणि मग त्याने आपल्या बोलण्याच्या वेळेतील शेवटचे काही क्षण सोडून द्यायचे. दोन्ही टॉवर एकाच कंपनीचे असतील तर हे बिनबोभाट घडू शकते. वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा देशांचे असतील, तर कोणी किती क्षण सोडायचे याचा करार आधी माणसांना करावा लागतो.